ये हं, एरिक

मामा जहाजावरून आला की दोन दिवस घराला ग्रीसचा आणि परदेशी साबणाचा मिळून एक वास यायचा. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये तो कामाला होता. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले रत्नागिरीत, असं त्याचं वर्ष वाटलेलं. बॅग उघडायला बसला की आम्ही सगळी मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करायचो. चीजचा डबा, आईसाठी स्वेटर, माझ्यासाठी रंगीत पेन्सिली. एका पावसाळ्यात या सगळ्याच्या खालून, टॉवेलात गुंडाळलेली एक तबकडी निघाली. तिला वेष्टन नव्हतं. केबिनमध्ये पाणी शिरलं आणि पुठ्ठ्याचा लगदा झाला, असं मामाने सांगितलं. आतलं कागदी पाकीट तेवढं वाचलं होतं. त्यावर त्याने पेनाने लिहून ठेवलं होतं: एरिक डॉल्फी, लास्ट डेट, हिल्वरसम, २ जून १९६४.

ती तबकडी आमच्याकडे पावसाच्या दुपारी लागायची. बाहेर कौलांवर पाऊस आणि आत हा माणूस. तो तीन वाद्यं वाजवायचा, आल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट. क्लॅरोनेट मला ठाऊक होतं, लग्नाच्या बँडमध्ये ते असायचंच. पण हे त्या क्लॅरोनेटच्या आजोबांसारखं वाटायचं. खाली खर्जात कुणी झोपेत पुटपुटल्यासारखा आवाज, आणि तिथून एकाएकी एवढी उंच उडी की मी दचकून वर बघायचे. एका बाजूला बासरीवरची एक संथ धून होती. ती लागली की स्वयंपाकघरातून आई बाहेर यायची आणि हात पदराला पुसत दारात उभी राहायची.

सगळ्यात शेवटी वाद्यं थांबायची आणि एक माणूस शांतपणे दोन वाक्यं बोलायचा.

‘‘मामा, काय म्हणतो हा?’’

‘‘म्हणतो, संगीत संपलं की हवेत गेलं. पुन्हा काही धरता येत नाही ते.’’

मग मामा सुई उचलून ठेवायचा. खोलीत पावसाचा आवाज एकदम मोठा व्हायचा.

पुढे कळत गेलं ते असं. हिल्वरसमच्या स्टुडिओत त्या दिवशी डॉल्फीच्या साथीला डच वादक होते. पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, बासवर जॅक स्कोल्स, ड्रमवर बावीस वर्षांचा हान बेनिंक. ही तबकडी बाजारात आली तेव्हा डॉल्फी हयात नव्हता. २९ जून १९६४ रोजी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणानंतर सत्तावीस दिवसांनी, तो बर्लिनमध्ये गेला. मधुमेह होता आणि तो त्याला ठाऊकच नव्हता. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते. ते शेवटचं बोलणं डच रेडिओच्या एका मुलाखतीतलं होतं, ते नंतर तबकडीला जोडलं गेलं.

हे सगळं कळूनही माझ्यापुरता तो चेहरा नसलेला माणूस राहिला. वेष्टन समुद्राने नेलं होतं. पुढे पुस्तकांतून एखादा फोटो दिसला, पण फोटोतला माणूस वाजवत नाही, तो फोटोपुरता थांबलेला असतो. मी ऐकलेला माणूस एक क्षणही थांबलेला नव्हता. दोघांची गाठ माझ्या मनात कधी पडली नाही.

ती पडली फार उशिरा. माझा भाचा आइंडहोवनला नोकरीला आहे. एका डिसेंबरात तो आला आणि बॅगेतून एक चकती काढून माझ्या हातात ठेवत म्हणाला, ‘‘मावशी, तुझा तो डॉल्फी सापडला बघ.’’ चार्ल्स मिंगस हा बासवादक १९६४ च्या एप्रिलमध्ये आपला ताफा घेऊन युरोपच्या दौऱ्यावर गेला होता, आणि त्या ताफ्यात डॉल्फी होता. नॉर्वे, स्वीडन आणि बेल्जियम या तीन देशांच्या टेलिव्हिजनने त्यांचं वादन चित्रित केलं. ती तिन्ही चित्रणं २००७ मध्ये एकत्र होऊन डीव्हीडीवर आली. त्रेचाळीस वर्षांनी.

रात्री सगळे झोपल्यावर मी ती लावली. ऑस्लो, १२ एप्रिल १९६४. कृष्णधवल चित्र, विद्यापीठाचं सभागृह. मध्यभागी आडव्या बांध्याचा मिंगस, बासला कवेत घेतलेला. पियानोवर जॅकी बायर्ड, ड्रमवर डॅनी रिचमंड, ट्रम्पेटवर जॉनी कोल्स, टेनर सॅक्सोफोनवर क्लिफर्ड जॉर्डन. आणि त्यांच्या रांगेत, हनुवटीवर छोटी दाढी राखलेला एक सडपातळ माणूस. त्याच्या कपाळावर एक टेंगूळ होतं.

त्या टेंगळाकडे मी किती तरी वेळ बघत राहिले. तीस वर्षं जो आवाज मी ऐकत होते त्याला कपाळ होतं, आणि कपाळाला टेंगूळ होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बास क्लॅरिनेट त्याच्या अंगापुढे एखाद्या पाणनळासारखं लांबच लांब उतरत होतं. माझ्या कानातल्या त्या प्रचंड उड्या मारताना तो स्वतः फारसा हलत नव्हता. बोटं, गाल, श्वास. सगळी धावपळ आत होती.

मग त्याचं वादन झालं, दुसऱ्याची पाळी आली, आणि मला जे दिसलं त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. डॉल्फी वाद्य हातात धरून उभा होता आणि ऐकत होता.

तबकडीवर वादक आपली पाळी संपली की नाहीसा होतो. त्याचा सूर थांबला की तो कुठे जातो, बसतो की पाणी पितो, आपल्याला कळत नाही. तो पुन्हा वाजवू लागेपर्यंत तो जगातच नसतो. चित्रात तो असतो. बायर्डचा पियानो चालू असताना तो तिथेच आहे, मिंगस एकटा बासवर काही सांगत असताना तो तिथेच आहे. आपल्याकडच्या बैठकीत गायकाच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे बघताना जे कळतं, तेच इथे कळत होतं. गाणं जितकं गाणाऱ्याच्या गळ्यात असतं तितकंच ते त्या शिष्याच्या चेहऱ्यावर असतं. डॉल्फीचं वाजवणं मला पाठ होतं. त्याचं ऐकणं मी पहिल्यांदाच पाहत होते.

चकतीवरची तीन चित्रणं एका आठवड्यातली आहेत. ऑस्लोच्या दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला स्टॉकहोम. तिथे कॅमेऱ्याने मैफल टिपली नाही, तालीम टिपली. प्रेक्षक नसलेल्या सभागृहातलं वाजवणं निराळं असतं, त्यात कुणाला काही पटवून द्यायचं नसतं. मग १९ एप्रिलला बेल्जियममधल्या लिएजचा टेलिव्हिजन स्टुडिओ. आणि तिथे एक माणूस कमी आहे. मधल्या मुक्कामात, पॅरिसमध्ये, जॉनी कोल्स पोटातल्या अल्सरने आजारी पडला आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. ऑस्लोत सहा जण होते, लिएजमध्ये पाच. ध्वनिमुद्रण ऐकताना आपण म्हणू की ट्रम्पेट नाही. पडद्यावर बघताना मात्र कोल्स नाही असं वाटतं. सात दिवसांपूर्वी याच रांगेत उभ्या असलेल्या माणसाची उणीव डोळ्यांना आधी लागते, कानांना नंतर.

लिएजला त्यांनी तीन रचना वाजवल्या. तिसरी ‘मेडिटेशन्स’. डॉल्फीने मिंगसला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तुरुंगांविषयी सांगितलं होतं, तिथल्या विजेच्या तारांच्या कुंपणांविषयी. आपली कातडी काळी आहे तेवढ्यावरून माणसं आत टाकली जातात, हे मिंगसच्या मनात घर करून बसलं आणि त्यातून ही रचना आली. तिच्यात मिंगस बासवर गज चालवतो आणि डॉल्फी बासरी धरतो. जाडजूड तारांचा तो खोल, दाटलेला स्वर आणि त्यावर बासरीचा कोवळा धागा. मिंगस तापट म्हणून प्रसिद्ध होता, भर मैफलीत साथीदारांवर ओरडायचा. गज चालवताना त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नाही. नदीकाठी बसलेल्या माणसासारखा तो दिसतो. हे मी नंतर कळलेल्या गोष्टीमुळे म्हणत असेन. १९७९ मध्ये मेक्सिकोत मिंगस वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याच्या पत्नीने त्याच्या अस्थी गंगेत सोडल्या.

तिन्ही ठिकाणी वाजलेली एक रचना आहे, ‘सो लाँग एरिक’. दौऱ्यानंतर आपण अमेरिकेला परतणार नाही, युरोपातच राहणार, हे डॉल्फीने मिंगसला सांगून टाकलं होतं. मिंगसला ते लागलं. त्याने हा निरोप रचनेच्या नावात बांधला आणि गावोगावी वाजवला. ज्याला निरोप द्यायचा तोच शेजारी उभा राहून त्यात सूर भरतो आहे.

या नावाचं मराठी करायचा मी अनेकदा प्रयत्न केला. ‘अलविदा’ आपलं नाही. ‘निरोप’ फार समारंभी. मग एकदा दारात चपला घालताना लक्षात आलं की आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. जाणारा ‘येतो’ म्हणतो आणि राहणारा ‘ये’ म्हणतो. आजारी माणसाला भेटून निघतानाही, परदेशी निघालेल्या मुलाला पोचवतानाही. जाण्याचं नाव घ्यायचंच नाही, परतण्याचं घ्यायचं. मिंगसच्या त्या धुनेत राग आहे, माया आहे आणि ‘बघू या कधी परततोस’ असं आव्हानही आहे. म्हणून माझ्यापुरतं तिचं नाव ‘ये हं, एरिक’.

अमेरिकेच्या या सर्वांत अमेरिकी संगीताची, जॅझची, अशी चित्रं युरोपात का उरली, याचा विचार मनात येतोच. अमेरिकेत टेलिव्हिजन जाहिरातदारांच्या पैशावर चालायचं. नॅट किंग कोलसारख्या लोकप्रिय गायकाचा कार्यक्रम १९५७ मध्ये बंद पडला, कारण काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला देशभराचा प्रायोजक मिळेना. युरोपात टेलिव्हिजन बहुतांशी सार्वजनिक होतं, लोकांच्या परवाना-शुल्कावर आणि सरकारच्या पैशावर उभं. नॉर्वेत तर ते १९६० मध्ये रीतसर सुरू झालं होतं. मिंगस ऑस्लोला आला तेव्हा त्या दूरदर्शनचं वय चार वर्षंही पूर्ण नव्हतं. त्या पोरसवदा यंत्रणेला वाटलं की या माणसांना सबंध वाजवू द्यावं, कॅमेरा शांतपणे त्यांच्यावर धरावा. निवेदकाची बडबड नाही, मध्ये साबणाची जाहिरात नाही. आपल्या देशात ज्यांना मागच्या दाराने हॉटेलात शिरावं लागे, त्यांच्याकडे इथे कुणीतरी नीट बघत होतं.

आणि तरीही यातलं बरंचसं नशिबाने उरलं. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप आणली. दोन इंच रुंद, जड रिळांची, आणि महाग. तिचा मोठा गुण असा मानला जाई की ती पुसून पुन्हा वापरता येते. एकदा प्रक्षेपण झालं की टेपचं काम संपलं, तिच्यावर नवं काही घ्यायचं. जे फिल्मवर उतरवलं गेलं ते पुसता येत नव्हतं, म्हणून ते अधिक टिकलं. बीबीसीची ‘जॅझ ६२५’ ही मालिका १९६४ मध्ये नव्या वाहिनीवर सुरू झाली. तिच्या नावातला आकडा म्हणजे पडद्यावरच्या रेषांची संख्या. जुन्या पद्धतीत त्या ४०५ असत, नव्या वाहिनीवर ६२५ झाल्या. अधिक रेषा, म्हणून अधिक स्वच्छ चेहरा. मला या नावाचं फार अप्रूप वाटतं. या माणसांना आम्ही आमच्या सगळ्या रेषांनिशी दाखवू, असं कुणीतरी म्हटल्यासारखं.

त्याच बीबीसीने १९६६ च्या नोव्हेंबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवादकाची मैफल चित्रित केली. ती कधीच दाखवली गेली नाही आणि पुढे नष्ट झाली. आयलर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत मृतावस्थेत सापडला, वय चौतीस. त्या लंडनच्या रात्री प्रकाश होता, कॅमेरे होते, टेप फिरत होती. धरलेलं होतं, आणि सोडून दिलं. डॉल्फी म्हणतो ते हवेत जाणं मला समजतं. कपाटात येऊन मग जाणं मला अजून समजत नाही. जे उरलं ते बघताना जे पुसलं गेलं त्याची सावली पडद्याच्या कडेला असतेच.

ऑस्लोच्या त्या रात्रीनंतर मी डॉल्फीला मागे मागे शोधत गेले आणि बाडेन-बाडेनला पोचले. ४ डिसेंबर १९६१. जर्मन टेलिव्हिजनच्या स्टुडिओत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ताफा, आणि कोल्ट्रेनच्या शेजारी डॉल्फी, हातात बासरी. मॅकॉय टायनर, रेजी वर्कमन आणि एल्विन जोन्स यांची साथ. बरोबर अकरा दिवस आधीच्या तारखेच्या ‘डाउनबीट’ या अमेरिकी पाक्षिकाच्या अंकात एका समीक्षकाने या दोघांच्या संगीताला जॅझविरोधी म्हटलं होतं. हे माहीत असून मी त्यांचे चेहरे निरखत होते. राग कुठे दिसतो का, दुखावलेपण कुठे दिसतं का. मला दोन शेजारी दिसले. एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने जागा द्यायची, बस्स.

त्यांनी उत्तर दिलं ते पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच पाक्षिकातून. तिथे डॉल्फी पक्ष्यांविषयी बोलला. लॉस एंजलिसला घरी तो रियाज करायचा तेव्हा बाहेर पक्षी गायचे आणि तो त्यांना साथ द्यायचा. पक्ष्यांचे सूर आपल्या सुरांच्या मधल्या फटींतले असतात, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तसाच गुण त्याला भारतीय संगीतात दिसत होता. हे वाचलं तेव्हा मला रत्नागिरीचं ते दार आठवलं. आई का येऊन उभी राहायची, याचं उत्तर मिळाल्यासारखं झालं. तिला जॅझ हा शब्दही ठाऊक नव्हता. पण श्रुती तिच्या कानात होत्या, आणि हा माणूस पेटीच्या पट्ट्यांच्या मधल्या त्या अरुंद बोळांतून फिरत होता.

बाडेन-बाडेनचा तो कार्यक्रम घडवणारा माणूस योआखिम-अर्न्स्ट बेरेंट. जर्मनीत जॅझ लोकांपर्यंत नेण्यात त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. त्याच बेरेंटने १९६७ मध्ये ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही तबकडी काढली. स्विस आणि इतर युरोपीय जॅझवादक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सतारीवर दिवाण मोतीहार, तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर केशव साठे. मुंबईचे साठे. पन्नासच्या दशकात ते लंडनला गेले आणि पुढे जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ ताफ्यात तबला वाजवत राहिले. कोल्ट्रेन आणि डॉल्फीवर प्रकाश टाकणारा हात आणि साठ्यांच्या तबल्यापुढे मायक्रोफोन ठेवणारा हात एकच, हे कळल्यावर मला एकदम घरातलं माणूस परक्या गावी भेटल्यासारखं वाटलं. डॉल्फी तेव्हा असता तर तो त्या तबल्याजवळ जाऊन बसला असता, याची मला खात्री आहे.

अशी चित्रं बघायची सवय लागली की डोळा बदलतो. मी आता वादनाआधीचं आणि वादनानंतरचं बघते. कोल्ट्रेनची बेल्जियममधली, १ ऑगस्ट १९६५ ची कोम्ब्लँ-ला-तूरची मैफल आहे. उघड्यावरचा उत्सव, थंड हवा, आणि एल्विन जोन्स ड्रमवर असा राबतो आहे की त्याच्या अंगातून वाफा निघताना दिसतात. नांगराच्या बैलाच्या पाठीवरून पहाटे निघतात तशा. पाच दिवसांनी कोल्ट्रेनला मुलगा झाला. रविशंकरांवरून त्याचं नाव ठेवलं रवी. वेस माँटगोमेरीची डच स्टुडिओतली १९६५ ची तालीम आहे. त्याला विमानाची भीती वाटे, युरोपचा दौरा त्याने आयुष्यात एकदाच केला. त्याला लिहिलेलं संगीत वाचता येत नसे. तो गिटारवर सूर दाबून दाबून डच वादकांना रचना समजावतो आहे, आणि ड्रमवर आहे तोच हान बेनिंक, माझ्या तबकडीवरचा. तबकडीवर ज्याचा फक्त ठेका होता, त्या मुलाचा चेहरा मला असा अवचित दिसला.

आणि पियानोवादक थेलोनियस मंक. १९६९ च्या डिसेंबरात पॅरिसच्या टेलिव्हिजनने त्याच्यावर कार्यक्रम केला. तो दाखवला गेला, विसरला गेला. पुढे अलँ गोमिस हा दिग्दर्शक मंकवर कथापट करायच्या तयारीत असताना फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संग्रहातून त्याच्या हाती त्या चित्रीकरणाची कच्ची रिळं आली, कापून बाजूला टाकलेल्या तुकड्यांसकट. २०२२ मध्ये त्यांतून त्याने ‘रिवाइंड अँड प्ले’ हा चित्रपट केला. मुलाखतकार मंकला १९५४ च्या पॅरिसभेटीविषयी विचारतो. मंक सांगतो की माझं नाव मोठं करून लावलं होतं आणि पैसे मात्र इतरांपेक्षा कमी दिले. मुलाखतकाराला हे अडचणीचं वाटतं, हे ठेवायला नको असं तो म्हणतो, आणि प्रश्न पुन्हा विचारला जातो. पुन्हा. पुन्हा. प्रखर दिव्यांखाली मंकच्या चेहऱ्यावर घाम साचत जातो. मग तो पियानो वाजवू लागतो, आणि मला कळतं की उत्तर तो आता देतो आहे. प्रक्षेपित कार्यक्रमात यातलं काही नव्हतं. जे कापलं गेलं ते कुणी फेकलं नाही, म्हणून पन्नास वर्षांनी एका माणसाचं म्हणणं त्याच्या तोंडून पूर्ण झालं. संग्रहात डबे जपणाऱ्या, त्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या, तापमान बघणाऱ्या अनाम माणसांचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला अशा वेळी जाणवतं.

लिएजनंतर एकाहत्तर दिवसांनी डॉल्फी गेला. पुढच्याच महिन्यात मिंगसला मुलगा झाला. त्याचं नाव त्याने एरिक डॉल्फी मिंगस ठेवलं. डॉल्फीच्या आईवडिलांनी त्याची बासरी आणि बास क्लॅरिनेट कोल्ट्रेनकडे दिली आणि कोल्ट्रेनने ती वाजवली. राहिलेल्यांनी आपापल्या परीने ‘ये’ म्हटलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी लॅपटॉप घेऊन रत्नागिरीला गेले. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. इंजिनरूमच्या इतक्या वर्षांनी त्याचे कान नेले. यंत्र लावलं तरी त्याला माणसाचं बोलणं जेमतेम कळतं, संगीत तर नुसता खरखराट होतो, म्हणून तो यंत्र काढूनच ठेवतो. मी हे सगळं त्याला दाखवायचं टाळत आले होते. ज्याने मला ऐकायला शिकवलं त्याच्यापुढे मुका पडदा कसा ठेवायचा? पण त्या दिवशी तोच म्हणाला, ‘‘ते भाच्याने आणलंय म्हणतेस ते लाव की.’’

मी लिएज लावलं. आवाज बंद केला, मग मलाच कसंसं झालं आणि पुन्हा हळू चालू ठेवला. मामा खुर्ची पुढे ओढून बसला, हात गुडघ्यांवर. बासरी सुरू झाली. तो बोटांकडे बघत होता, मिंगसच्या गजाकडे बघत होता. मध्येच त्याचा पाय जमिनीवर हलू लागला. ठेक्यात होता. कुठून येत होता तो ठेका, रिचमंडच्या हातांकडे बघून की चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसातून, मला सांगता येत नाही.

मग दुसऱ्या कुणाचं वादन सुरू झालं आणि कॅमेऱ्यात डॉल्फी आला, वाद्य धरून नुसता उभा. मामा पुढे झुकला. पडद्याला जवळजवळ बोट लावत, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, ‘‘हा बघ. ऐकतोय.’’

सबंध चकतीत मला जे सापडलं होतं ते मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

संपल्यावर तो काही वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिला. बोट गोल फिरवून त्याने खूण केली, परत लाव. मी परत लावलं. ऑस्लो, स्टॉकहोम, पुन्हा लिएज. सहा माणसं आली, मग पाच उरली. बाहेर अंधार पडला. मामीने दिवा लावला आणि चहा ठेवून गेली.

गाडीची वेळ झाली तशी मी उठले. ओसरीवर चपला घालताना सवयीने वळून म्हटलं, ‘‘येते हं, मामा.’’ मग आठवलं की त्याला ऐकू जाणार नाही. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने हात वर केला.

‘‘ये,’’ म्हणाला.